संध्याकाळची गोळी

९ फेब्रुवारी, मंगळवार

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तो कागदावरच गोड मानून घे. खरोखर घालायला गेलो तर उठवायला दोन माणसं बोलवावी लागतील.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. कानाचं यंत्र पुन्हा डबीत टाकलंस, असं तुझी सून फोनवर सांगत होती. बरं केलंस. इतकी वर्षं सगळ्यांचं ऐकलंस, आता थोडी विश्रांती घे. मलाही तुझ्याशी फोनवर ओरडण्यापेक्षा लिहिणं सोयीचं पडतं. निदान खालच्या मोबाइलवाल्याला आपल्या घरच्या गोष्टी कळत नाहीत. आपलं सोफे दुरुस्तीचं दुकान त्याला भाड्यानं दिल्यापासून तिथला फोमचा वास जाऊन आता काहीतरी जळाल्याचा वास येतो. पोरगा चांगला आहे पण खुर्ची अशी मोडकी वापरतो की बघवत नाही. मी म्हटलं, दे, बैठकीचे पट्टे ओढून देतो, फुकट. तर म्हणतो, काका, तुम्ही आराम करा. आराम करा म्हणणाऱ्या माणसांचा मला अलीकडे कंटाळा आला आहे.

प्रकृतीचं विचारलंस. ठीक आहे. कपाळाला जरा खोक पडली होती, कपाटाचं दार उघडं राहिलं होतं ते लागलं. आता खपली धरली आहे. काळजी करू नकोस.

एक नवीनच प्रकरण निघालं आहे. मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब बघितला, मग तोंड वाकडं करून पुन्हा बघितला. म्हणाले, फारच खाली आलाय. "गोळ्या वेळेवर घेता ना?" मी म्हटलं, घेतो. त्यावर ते म्हणाले, मग औषधच बदलावं लागेल, पण त्याआधी तुम्ही क्लिनिकल फार्मासिस्टना भेटा. मला वाटलं, दुकानातून गोळ्या देणारा माणूस. तर तसं नाही. या बाई दवाखान्यातच बसतात आणि आपण घेत असलेली सगळी औषधं समोर मांडून बघतात, कुठलं कशाशी भांडतंय, कुठलं उगाच चालू आहे, कुठलं बंद करायचं. याला म्हणे औषधांचा आढावा म्हणतात. मी त्याला झडती म्हणतो.

त्यांच्याकडून एका मुलीचा फोन आला. आवाजावरून लहानच असावी. म्हणाली, "काका, सोमवारी अकराला या. जे जे घेता ते सगळं एका पिशवीत घालून आणायचं. चूर्ण, बाम, खोकल्याचं औषध, काही सोडायचं नाही. आणि डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं नाही हं, घरी खरंच कसं घेता तसं सांगायचं."

मी म्हटलं, "लिहून दिलंय तसंच घेतो."

ती हसली. "सगळे असंच म्हणतात काका."

त्या दिवसापासून पिशवी भरायचं काम चालू आहे. तुझ्या भावजयीनं औषधं कुठं ठेवायची ते मला कधी कळू दिलं नव्हतं, ती पाण्याच्या भांड्यासकट हातात द्यायची. ती गेल्यावर मी माझी सोय केली. सोफ्याला ठोकायच्या बारीक चुकांचा तो जुना लाकडी डबा आठवतो ना, खणाखणांचा, त्यात आता गोळ्या असतात. अर्ध्या इंचाच्या चुकांच्या खणात रक्तदाबाची, पाऊण इंचाच्या खणात साखरेची, मोठ्या खिळ्यांच्या खणात ती कॅल्शियमची, जी घोड्यालासुद्धा गिळता येणार नाही. काल सगळा डबा टेबलावर उपडा केला. गुडघ्याचं तेल निघालं, तुझ्या भावजयीच्या खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली निघाली, कुणीतरी कधीतरी दिलेल्या हिरव्या कॅप्सूल निघाल्या, ज्या कशाच्या आहेत ते देवाला ठाऊक. पिशवी भरली. मग थोडी रिकामी केली. मग पुन्हा भरली. एवढ्याशा कामाला दोन दिवस लागले, म्हणजे बघ.

लेकीला हे सांगितलं तर ती खूश झाली. तिनं एक यंत्र बघून ठेवलं आहे. गोळ्यांची डबीच, पण वेळ झाली की पीं पीं वाजते आणि आपण झाकण उघडलं की तिच्या फोनवर निरोप जातो की म्हाताऱ्यानं गोळी घेतली. म्हणाली, "बाबा, त्या बाईंना विचारा, त्या हो म्हणाल्या की मी लगेच मागवते. मग मला रोज विचारायलाही नको." गुणी पोर आहे. तिच्या मागे ऑफिसचं केवढं काम असतं. सुंठीवाचून खोकला जात असेल तर कुणाला नको आहे?

बाकी क्षेम. तुझ्या गुडघ्याला ते तेल चालत असेल तर कळव, माझ्याकडे भरपूर आहे.

तुझा आज्ञाधारक (कधी होतो?)
धाकटा


१२ फेब्रुवारी, शुक्रवार

तीर्थस्वरूप अक्कास,

नमस्कार. आधीचं पत्र तुला अजून मिळालंही नसेल, आणि हे दुसरं लिहायला बसलो. आधीच्या पत्रात कपाटाचं दार लिहिलं आहे, ते खोडून टाक.

मी पडलो होतो. न्हाणीघरातून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि उंबऱ्यावर कपाळ आपटलं. बराच वेळ तिथंच पडून होतो. फरशी गार होती, आणि खालच्या पोराला हाक मारायची लाज वाटत होती. त्याआधीही एकदा जिन्यात तोल गेला होता, पण कठडा हाताशी होता. लेकीला यातलं काही ठाऊक नाही. तिलाही कपाटाचंच दार सांगितलं आहे. त्या दाराला मी फारच कामाला लावलं.

आता का पडलो ते लिहितो. रागावू नकोस. रागावलीस तरी पुढचं वाच.

लेकीचा फोन संध्याकाळी येतो, ती ऑफिसातून निघाली की. तिची आई होती तोवर मी फोन उचलायचो आणि "थांब हं, आईला देतो" एवढंच म्हणायचो. ती तरी मला काय सांगणार? तुला माहीतच आहे, आमच्या धंद्यात चुका तोंडात धरायच्या आणि एकेक ओठांवर आणून ठोकायची. पोरगी लहानपणी दुकानात आली, काही विचारायला लागली, की तिची आई आतून ओरडायची, "बाबांच्या तोंडात चुका आहेत, बोलू नकोस त्यांच्याशी, गिळतील!" पोर गप्प बसायची. मी हूं करायचो. असं करत करत ती मोठी झाली, आणि मी काही गिळलं नाही पण बोललोही नाही.

तिची आई गेल्यावर फोन द्यायला कुणी उरलं नाही. मग आमचं बोलणं असं व्हायला लागलं.

"बाबा, गोळी घेतलीत?"

"घेतली."

"बरं. ठेवते."

रोज हेच. आणि रोज येतोच असंही नाही. अक्का, मी त्या तीन वाक्यांसाठी दुपारपासून फोनपाशी बसायचो, हे तुला आज पहिल्यांदा सांगतो आहे. दिवसभरात दुसरं कुणी माझ्याशी बोलत नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो.

मग एक दिवस, साधारण नोव्हेंबरात, दिवाणाच्या कापडाचे जुने तुकडे आवरत होतो, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी संपत आली होती. दोन-तीन गोळ्या शिल्लक होत्या, आणायला जायचं होतं. तेवढ्यात तिचा फोन. "बाबा, गोळ्या घेतल्यात का?" मला वाटलं, दुकानातून घेतल्या का विचारते आहे. मी म्हटलं, "नाही गं, परवा घेईन. घाई काय आहे?"

अशी भडकली म्हणून सांगू! "परवा? घाई काय आहे? बाबा, तुम्हाला कळतंय का काय बोलताय?" मला कळेना, पट्टी परवा आणली तर एवढं आकाश का कोसळतं. पण ती बोलत राहिली. आईनं सगळं केलं म्हणून तुम्हाला सवय नाही, म्हणाली. मला इथं किती काळजी लागून असते, म्हणाली. मग रडली थोडी. मग घरमालक भाडं वाढवतोय ते सांगितलं. ऑफिसात नवीन साहेब आला आहे, तो तिला सगळ्यांदेखत बोलतो, ते सांगितलं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! तिचं बोलणं ऐकता ऐकता केव्हातरी माझ्या लक्षात आलं की ती गिळायच्या गोळ्यांचं विचारत होती. तोंडाशी आलं होतं की अगं, सकाळीच घेतली, मी आणायचं म्हणत होतो. पण मग तिनं बरं, ठेवते म्हटलं असतं.

मी बोललो नाही. "आत्ताच्या आत्ता घ्या, मी थांबते," ती म्हणाली. मी पाणी ओतलं, गोळी घेतली. तिला घोट ऐकू गेला. "शाबास," म्हणाली. स्वतःच्या बापाला!

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी म्हटलं, "नाही घेतली अजून."

आता तू विचारशील, मेल्या, रोज दोन घेण्यापेक्षा सकाळची टाळायची होतीस. टाळली असती, पण तिचा फोन आलाच नाही तर? मग त्या दिवशी गोळीच नाही. डॉक्टरांनी बजावलंय, एकही दिवस चुकवू नका. सकाळची म्हणून पक्की. आणि संध्याकाळी नुसता पाण्याचा घोट घेऊन घेतली म्हणावं, तर तेही एकदा करून बघितलं. जमलं नाही. ती तिकडे माझ्यासाठी रस्त्यात खोळंबून उभी आहे, आणि मी इकडे तिला फसवायचं! घेतली नाही हे एक खोटं सांगत होतो तेवढं पुरे, घेतली हे तरी खरं असावं, असं आपलं माझं गणित. हस. मला माहीत आहे ते गणित चुकीचं आहे.

एका पट्टीत महिना निघेना, म्हणून जास्तीची पट्टी चौकापलीकडच्या दुसऱ्या दुकानातून आणायला लागलो. पहिला दुकानदार ओळखीचा आहे, त्यानं विचारलं असतं.

तर आता पिशवीचा घोळ तुझ्या लक्षात आला असेल. त्या दुसऱ्या दुकानाच्या पट्ट्या पिशवीत घालतो आणि काढतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाही घातल्या, तर बाईंना काही कळणार नाही, डॉक्टर औषध बदलतील, मी नवीन औषधही दोनदा घेईन आणि पुन्हा कुठंतरी उंबऱ्यावर पडेन. घातल्या, तर बाई म्हणतील, या गृहस्थांना डबीच द्या. मग डबी पीं पीं करेल, झाकण उघडेल, लेकीला निरोप जाईल. ती कशाला फोन करेल? मरणाची भीती मला फारशी वाटत नाही, अक्का. त्या डबीची वाटते.

सोमवारी काय करेन, माहीत नाही. तुझं उत्तर त्याआधी येणार नाही हे बरंच आहे, नाहीतर तू काय लिहिलं असतंस ते मला ठाऊक आहे.

धाकटा


१५ फेब्रुवारी, सोमवार

अक्का,

मायना राहू दे आज. जाऊन आलो.

पट्ट्या घातल्या होत्या पिशवीत. निघताना घातल्या, कुलूप लावून पुन्हा उघडलं आणि काढल्या, मग जिन्यातून परत वर येऊन घातल्या. कठडा धरून.

बाई साधारण आपल्या लेकीच्या वयाच्या. सर्दी झालेली, नाक लाल. खोली लहान, आणि त्यांच्या खुर्चीचे पट्टे पार लोंबले आहेत, रेक्झिन फाटलंय, खाली शाल घडी करून घेतात बिचाऱ्या. दिवसभर लोकांची दुखणी ऐकायची आणि बसायला हे! मी आधी तेच बोललो. म्हटलं, बाई, याला नवे पट्टे आणि चार इंचाचा फोम लागेल. त्या म्हणाल्या, "काका, आधी तुमचं बघू, मग खुर्चीचं." हुशार आहेत.

एकेक वस्तू पिशवीतून काढून टेबलावर मांडली. हिरव्या कॅप्सूल हातात घेऊन म्हणाल्या, या कुणाच्या? मी म्हटलं, देवाच्या. त्या कचऱ्यात गेल्या. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणायचो त्या दुखण्यावरच्या गोळ्या मूत्रपिंडाला बऱ्या नाहीत म्हणाल्या, त्या बंद. मग रक्तदाबाच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांवरची दुकानांची लेबलं बघितली. मी बसलेलो असताना पट्टा गुंडाळला, मग उभं करून गुंडाळला. उभं राहिल्यावर मला टेबल धरावं लागलं.

"सकाळची एक घेता?"

"घेतो."

"आणि संध्याकाळची?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागलो. त्यांना घाई दिसेना. बाहेर लोक खोळंबले होते, तरी.

"संध्याकाळची कशासाठी घेता, काका?"

मी म्हटलं, "फोनसाठी."

मग सगळंच सांगितलं. तुला लिहिलं होतं म्हणून वाक्यं तयार होती, नाहीतर जमलं नसतं. त्या मधे एकदा नाक पुसायला थांबल्या, ते सर्दीमुळेच असावं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. आजपासून संध्याकाळची पूर्ण बंद, म्हणाल्या, आठवडाभर रोज येऊन रक्तदाब दाखवायचा, डॉक्टरांशी त्या स्वतः बोलतील, औषध बदलायची बहुतेक गरज नाही. मी डबीचं विचारलं. "डबी विसराळू माणसांना देतो," त्या म्हणाल्या, "तुम्ही तर काहीच विसरत नाही." जास्तीच्या पट्ट्या त्यांनी ठेवून घेतल्या. मग म्हणाल्या, "मुलीला मी सांगू की तुम्ही सांगाल?"

"मीच सांगतो," मी म्हटलं.

संध्याकाळी फोन आला.

"बाबा, गोळी घेतलीत?"

"घेतली. सकाळीच घेतली."

"अरे वा. बरं. ठेव—"

"ठेवू नकोस," मी म्हटलं. आणि सांगून टाकलं. नोव्हेंबरातल्या त्या पट्टीपासून न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत. एकदम, न थांबता. माझ्याकडून एवढी वाक्यं तिनं जन्मात ऐकली नसतील. मी म्हटलं, "ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

मग म्हणाली, "म्हणजे मी थांबून थांबून तुम्हाला ती गोळी..."

"तू नाही गं. गोळी माझी, कपाळ माझं."

"बाबा, नुसतं बोल म्हणायचं होतंत."

मी म्हटलं, "सुचलं नाही."

ती रडत होती की रागावली होती, मला फोनवरून कळलं नाही. तिच्या आईला कळलं असतं. शेवटी ती म्हणाली, आणि अगदी साध्या आवाजात, खरंच विचारावं तशी म्हणाली, "मग उद्यापासून मी काय विचारू?"

अक्का, आम्ही दोघं नुसते फोन धरून होतो. ती तिकडे उभी होती, मी इकडे. तिच्याकडून गाड्या ऐकू येत होत्या, एक बाई कुणाशी तरी मोठ्यानं भांडत गेली. मी फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. खूप वेळानं तिच्या फोनची बॅटरी संपली असावी, कारण मधेच सगळं बंद झालं.

तुला चार मुलं, सुना, नातवंडं. तुझ्या घरात दिवसभर कुणी ना कुणी कुणाला काहीतरी विचारत असतं. त्यातलं थोडं लिहून पाठव. मुली बापाला काय विचारतात, आणि बाप मुलींना काय सांगतात. अगदी साधं असलं तरी चालेल, मला काहीच येत नाही. उद्या संध्याकाळच्या आत तुझं पत्र इथं पोचणं शक्य नाही, हे मला कळतं. तरी लिही.

उद्या फोन आला तर उचलणार आहे. तोवर,

तुझा,
अजून काही न सुचलेला
धाकटा